सगोत्र मासे

दत्तोपंत दफ्तरदारांच्या घरी मासे आले, ही बातमी तुकोगंजच्या त्या गल्लीत दुपारच्या चहाच्या आत फिरली. देशस्थाच्या घरी, मागच्या दाराने, टेम्पोतून मासे! समोरच्या कुमुदिनीबाईंनी गॅलरीतून विचारूनच टाकलं, "काय पंत, बंगाली झालात का?"

"खायचे नाहीत हो. आंधळे आहेत," दत्तोपंत वर न बघता म्हणाले. जसे काही डोळस असते तर खाल्लेच असते.

मासे त्यांच्या पुतणीचे. मधुवंती, धाकट्या भावाची मुलगी, वरच्या मजल्यावर राहणारी. वय एकोणतीस. जीवशास्त्रात पीएचडी करत होती आणि चार वर्षं झाली तरी करतच होती. तिच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेची वायरिंग बदलायला काढली होती. काम दोन महिन्यांचं, असं कंत्राटदार म्हणाला होता. म्हणजे खरं किती, ते इंदुरात खोदलेला रस्ता ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. ह्या माशांना लागतो अंधार आणि तेवीस डिग्रीचं पाणी. बाहेर एप्रिल, बेचाळीस. अशी खोली अख्ख्या शहरात शोधून ती दमली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ती काकांच्या घरातच आहे.

घराच्या मागच्या बाजूला पूर्वी एका डॉक्टरांचं एक्सरे क्लिनिक होतं आणि दत्तोपंत त्यात टेक्निशियन. बत्तीस वर्षं. त्यांची डार्करूम म्हणजे आठ बाय दहाची खोली. एकामागे एक दोन दारं, मोठं सिंक, एसी आणि एक लाल दिवा. मग सगळं डिजिटल झालं, डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले, मशीन भंगारात गेलं आणि डार्करूम तेवढी उरली. दत्तोपंत रोज सकाळी आत जाऊन सिंक पुसायचे. का पुसता, हे शारदाकाकूंनी विचारायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

त्या अंधारात आता दोन टाक्या बसल्या.

"ही एम आणि ही टी," मधुवंतीने लाल दिव्यात दाखवलं. बोटाएवढे मासे, फिक्के, सोललेल्या लसणाच्या पाकळ्यांसारखे. डोळ्यांच्या जागी सपाट कातडी. आणि तरी एकही काचेवर आपटत नव्हता, एकमेकांना धडकत नव्हता. राजवाड्याच्या चौकातल्या ट्रॅफिकपेक्षा कितीतरी शिस्तीत चाललं होतं.

"मेक्सिकोचे आहेत, काका. बाहेर नदीत ह्यांचेच भाऊबंद आहेत, एकदम चकाचक, डोळेवाले. ह्यांचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी गुहांमध्ये शिरले आणि अडकले. अंधारात डोळ्याचा उपयोग काय? उलटा त्याला पोसा. मग पिढ्यान् पिढ्या..."

"गेले डोळे."

"गेले. पण मजेची गोष्ट मतलब अशी, की अंड्यातून पिल्लू निघतं तेव्हा डोळा बनायला लागतो. काळा ठिपका दिसतो. मग तो थांबतो, आत आत जातो, वरून कातडी चढते. त्याला थांबवते कोण, कुठली जीन, ते मी बघून राहिले. एम म्हणजे मोलिनो आणि टी म्हणजे टिनाहा, गुहांची नावं आहेत ही. दोन्हीकडचे आंधळे, पण वेगवेगळे आंधळे झालेले."

शेवटचं वाक्य दत्तोपंतांनी ऐकलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसराच प्रश्न होता.

"आणि ह्यांची लग्नं?"

"टाकीतल्या टाकीत. टीमधले सगळे एकाच आईबापाचे. एममधले पण तसेच. पाच पिढ्या भावाबहिणींचंच लावून राहिलो आहोत. प्युअर लाइन."

दत्तोपंतांचा हात लाल दिव्याच्या बटणावर थांबला. "भावाबहिणींचं?"

"मासे आहेत, काका."

"सख्ख्या?"

"एकदम सख्ख्या."

इथे दत्तोपंतांचं दुसरं आयुष्य सांगायला हवं. एकोणीस वर्षं ते समाजाच्या वधू-वर मंडळाचं रजिस्टर ठेवत होते. समाजाच्या, म्हणजे देशस्थांच्या. बाकीचा समाज त्यांच्या हिशेबी समाजात येत नव्हता. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते. तिथे नेमकं काय करत होते ते घरात कोणालाच माहीत नाही, कदाचित शाई वाळवत असतील, पण त्यामुळे रजिस्टर हा दफ्तरदारांच्या रक्तातला विषय आहे असं सगळे मानायचे. मंडळाच्या फॉर्मात उंची होती, वर्ण होता, नोकरी होती, पोटजात होती, गोत्र होतं. मुलगी कशाला हसते, मुलगा रागावला की काय करतो, ह्याला रकाना नव्हता. गोत्र एक निघालं की दत्तोपंत पाकिटावर लाल पेनाने 'सगोत्र, परत' असं लिहायचे आणि फॉर्म त्यात घालून फाइलीला लावायचे. हजारो वर्षांपूर्वीच्या एका ऋषीच्या नावावरून दोन जिवंत माणसांना भाऊबहीण ठरवायला त्यांना अर्धं मिनिट लागायचं.

त्यातलं एक पाकीट मधुवंतीचं होतं. तीन वर्षांपूर्वी. मुलगा नचिकेत, सॉफ्टवेअरवाला. दोघं मंडळाच्या बाहेरच भेटली होती, सहा महिने बोलत होती, आणि मग शहाण्या मुलीसारखी मधुवंती फॉर्म घेऊन काकांकडे आली होती. दोन्हीकडे काश्यप. सगोत्र, परत. नचिकेतच्या आईला तेवढंच कारण हवं होतं. तो आता कॅनडात आहे. मधुवंतीने त्यावर काकांना एक शब्द कधी ऐकवला नाही. दत्तोपंतांना वाटायचं ती विसरली. शारदाकाकूंना तसं वाटत नव्हतं.

"काका," टाक्यांच्या मध्ये उभी राहून मधुवंती म्हणाली, "एक रिक्वेस्ट. इथे तुमचं मंडळ नका हं चालवू."

"छे! मला काय करायचंय."

मग तिने दाराला दोरीने बांधलेलं प्रयोगाचं रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. तारीख, वेळ, तापमान, खाणं, शेरा. दत्तोपंतांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो उजेड आला तो डार्करूमला परवडणारा नव्हता. एक्सरेच्या फिल्मवर डावं-उजवं कळावं म्हणून शिशाची अक्षरं ठेवायची असतात. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून डाव्याचं उजवं एकदाही झालं नव्हतं, आणि हे ते पाहुण्यांना पाणी देण्याआधी सांगायचे.

मधुवंती तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेली. दत्तोपंत सकाळ-संध्याकाळ आत जायचे, खाणं टाकायचे, तापमान लिहायचे. दोन्ही टाक्यांत मधोमध जाळी होती. अलीकडे तीन नर, पलीकडे चार माद्या. "मुलाकडचे आणि मुलीकडचे," त्यांनी शारदाकाकूंना समजावलं. काकूंनी नाकाला पदर लावून एकदा डोकावलं आणि म्हणाल्या, "मुलाकडचे काही खायला मागून नाही राहिले, एवढ्यावरून तरी कळतं की मासे आहेत."

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. "काका, आज जाळी काढून टाका दोन्हीकडची. हीटर सव्वीसवर. बस, बाकी ते बघून घेतील."

दत्तोपंत आत गेले. हीटर सव्वीसवर केला. हात पाण्यात घातला, जाळीला धरलं, आणि हात उचलेना.

सख्खे भाऊ. सख्ख्या बहिणी. आणि मधली जाळी काढणार कोण, तर दत्तात्रेय वामन दफ्तरदार.

तिने मंडळ चालवू नका म्हटलं होतं, खरं. पण हे मंडळ कुठे होतं? ही तर साधी माणुसकी होती. त्यांनी डाव्या टाकीकडे बघितलं, उजव्या टाकीकडे बघितलं. दोन्हीकडे फिक्के, दोन्हीकडे आंधळे, दोन्ही घराणी मेक्सिकोची. जात एक. गोत्र वेगळं. तीन मुलगे इकडे, तीन तिकडे. एकोणीस वर्षांत इतकं बिनचूक स्थळ त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं.

साटंलोटं करून टाकलं. इकडचे नवरदेव तिकडे आणि तिकडचे इकडे. अकरा मिनिटं लागली. एक नवरदेव मासे धरायच्या छोट्या हातजाळीतून निसटून सिंकमध्ये पडला, त्याला ओंजळीत उचलून सन्मानाने पोचवला. मग दोन्ही जाळ्या काढल्या आणि प्रयोगाच्या रजिस्टरात लिहिलं: सात चाळीस, जाळी काढली, तापमान सव्वीस. शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं. 'मंडळ नका चालवू.' पेन उचललं. तिथे एक आडवी रेघ मारली. उभ्या आयुष्यात त्यांनी शेऱ्यात मारलेली ती पहिली रेघ.

पण सवय कुठे जाते? हातपाय धुऊन ते मंडळाचं रजिस्टर घेऊन बसले, आणि जमवलेलं लग्न नोंदवल्याशिवाय त्या माणसाला जेवण गेलं नसतं. चारशे बारा नंबर. तारीख, वेळ. वर: तीन, टिनाहा गोत्री. वधू: चार, मोलिनो गोत्री. खाली उलटी नोंद. शेरा: साटेलोटे, उभयपक्षी मान्य. सही.

मग शांतपणे जेवले.

तीन दिवसांनी टाक्यांच्या तळाशी अंडी दिसली, काचेच्या चुऱ्यासारखी. मग पिल्लं, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि प्रत्येकाला दोन काळे ठिपके. मधुवंतीने सांगितलेलंच होतं, आधी येतात आणि मग जातात. दत्तोपंत रोज भिंग घेऊन बसायचे. ओल्या फिल्मवर केसाएवढं फ्रॅक्चर धरणारी नजर ती. ठिपके आत जायला लागले की त्यांना कळणारच होतं. आणि बऱ्याचशा पिल्लांचे गेलेही. पण काही पिल्लांचे जाईनात. दहावा दिवस झाला, बारावा झाला. ठिपके मोठे व्हायला लागले. दत्तोपंतांनी खिशातला टॉर्च एकदा लावून बघितला. सगळी पिल्लं आपल्या नादात. फक्त ती काही, दहात तीन-चार, उजेडाकडे वळली.

बघत होती. आंधळ्यांची पोरं त्यांच्याकडे बघत होती.

दत्तोपंतांनी टॉर्च विझवला आणि रजिस्टरात लिहिलं: तापमान चोवीस. शेरा: रेघ.

मधुवंती परत आली ती बॅग न ठेवता सरळ डार्करूममध्ये गेली. तासाभराने बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा टाकीतल्या माशांच्या रंगाचा झाला होता. पायरीवर बसून तिने तिच्या सरांना फोन लावला. डॉक्टर विक्रांत भोईटे. फोन स्पीकरवर होता, दत्तोपंत ताकाचा पेला घेऊन मागे उभे होते.

"किती पिल्लांना?" सरांनी विचारलं.

"एकशे पस्तीसमध्ये सेहेचाळीस. दोन्ही टाक्यांत, सर."

"मग कुठेतरी नदीवाल्याचं रक्त शिरलंय, मधुवंती. आपल्याकडे येण्याआधीच असेल. दोन्ही लाइनी गेल्या. चार वर्षांच्या रीडिंगवर कोण विश्वास ठेवेल आता?"

"नवीन स्टॉक..."

"परवानग्यांनाच दोन वर्षं लागली होती. रजिस्ट्रेशन संपेल तुझं. सोमवारी येतो मी. हा स्टॉक ठेवण्यात अर्थ नाही. लवंगेचं तेल आण."

लवंगेच्या तेलात मासे आधी झोपतात आणि मग उठत नाहीत. दत्तोपंतांना हे मधुवंतीनेच मागे सांगितलं होतं. शारदाकाकू तेच तेल दाढेला लावायच्या.

"काका," फोन ठेवून ती म्हणाली, "बाहेरचा मासा एकही नाही ना आला आत? कोणी दिला, कोणी टाकला?"

"बाहेरचा एकही नाही," दत्तोपंत म्हणाले. अक्षर न् अक्षर खरं होतं. एवढं खरं बोलून इतकं खोटं वाटलेलं त्यांना आठवत नव्हतं.

तिने प्रयोगाचं रजिस्टर चाळलं. "नाही, तुमचं लिहिलेलं म्हणजे पक्कं. ह्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते." आणि जिना चढून गेली. ताक तसंच राहिलं.

रविवारी सकाळी शारदाकाकूंनी मंडळाचं रजिस्टर उघडलं. कुमुदिनीबाईंना भाचीसाठी एक पत्ता हवा होता. दत्तोपंत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर चेहऱ्यासमोर धरून बसले होते. काकूंची पानं उलटायची थांबली. मग एक विचित्र आवाज आला, शिट्टी वाजण्याआधी कुकरमधून येतो तसा. काकू हसत होत्या. तोंडावर पदर दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"उभयपक्षी मान्य! माशांना विचारलंत तुम्ही?"

"हळू."

"आणि पत्रिका? मंगळ बघितलात का हो?" पुन्हा एक उमाळा आला. मग तो ओसरला आणि काकूंनी पानावरची तारीख नीट बघितली. वरच्या मजल्याकडे बघितलं. हसू जागच्या जागी वाळलं. "अहो. तिला सांगितलंत?"

पेपर आणखी वर सरकला.

"ती काल जेवली नाही. उद्या तिचे सर येऊन मारणार आहेत सगळे. आणि तुम्ही इथे राशिभविष्य वाचत बसलात?"

"काय सांगू तिला?" पेपरमागून आवाज आला. "सगोत्र होते म्हणून हलवले, असं? तिला सांगू? मी?"

काकूंनी पेपर ओढून घेतला. दत्तोपंतांचा चेहरा बघून दोन शब्द गिळले आणि दोन बाहेर काढले. "जन्मभर लोकांची हाडं दिव्यावर धरून बघितलीत. आता एकदा आपलं दाखवा. मोडलंय ना? मग दाखवा."

सोमवारी दहा वाजता विक्रांत सर आले. पन्नाशीचे, उंच, मिशीवाले. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते आणि हा माणूस माशांच्या. हातातल्या पिशवीत एक बाटली आणि दोन पांढरे टब होते. मधुवंती दाराशी उभी होती, डोळे सुजलेले, पण ताठ. दत्तोपंत पाण्याचा पेला घेऊन आले. डाव्या-उजव्याची गोष्ट सांगायची त्यांची हीच वेळ. काखेत मंडळाचं रजिस्टर होतं, लाल फडक्यात बांधलेलं.

"सर, पाणी. आणि एक शेरा लिहायचा राहिलाय," ते म्हणाले.

"कसला शेरा?"

"जाळी काढली त्या दिवशीचा. जाळी काढण्याआधी मी नर बदलले. ह्या टाकीतले तीन त्या टाकीत, तिथले इथे." घसा खाकरला. सरांकडे बघून बोलत होते, पण सांगत होते दुसऱ्याच कोणाला तरी. "कारण... ते सगोत्र होते."



"काय होते?" सर म्हणाले.

"सगोत्र," मधुवंती म्हणाली. ती काकांकडे बघत होती. "एकाच गोत्राचे होते, सर. लग्न होत नाही त्यांचं."

सरांनी पेला खाली ठेवला. रागाने त्यांच्या मिशा हलल्या, पण शब्द जपून आले. "पंत, पुतणीला वाचवायला म्हणून बोलत असाल तर समजू शकतो. पण उद्या कमिटी विचारेल की पुरावा काय. प्रयोगाच्या रजिस्टरात तर काहीच लिहिलेलं नाही."

"तिथे नाही. इथे आहे," दत्तोपंत म्हणाले आणि फडकं सोडलं.

सरांनी चारशे बारा नंबर वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून पुसला. "टिनाहा गोत्री," ते हळूच म्हणाले.

"आणि हे पुढचं पान बघा, चारशे तेरा. दोन दिवसांनंतरचं. हे माणसांचं आहे. दोन्हीकडच्या आईवडिलांच्या सह्या आहेत, फोन नंबर आहेत, विचारा वाटलं तर. पानांवर छापील नंबर आहेत. चारशे तेराच्या आधी मागाहून काही घुसवता येत नाही. माझ्या रजिस्टरात तरी नाही."

सर रजिस्टर घेऊन मटकन पायरीवर बसले. आणि हसायला लागले. सगळी गल्ली ऐकेल असे. समोर कुमुदिनीबाईंची गॅलरी उघडली.

"मधुवंती, पोरी, आपण गाढव आहोत! नदीवाला नाही, कोणी नाही. मोलिनो आणि टिनाहा! क्रॉस आहे हा!"

मधुवंतीचा हात तोंडावर गेला होता. शारदाकाकूंनी तिचा दंड धरला. "आम्हाला पण सांगा ग. मेले का वाचले?"

"वाचले, काकू." ती हसत होती की रडत होती ते तिलाच कळत नव्हतं. "बघा, डोळा म्हणजे पुष्कळ वायरी. ह्या गुहेत एक वायर तुटली, त्या गुहेत दुसरीच. टाकीतल्या टाकीत लग्न केलं की पोराला दोन्हीकडून तीच तुटकी वायर मिळते. पण ह्यांचं त्यांच्याशी लागलं, तर ह्यांची तुटलेली त्यांच्याकडे शाबूत आणि त्यांची ह्यांच्याकडे. सगळ्यांचं नाही जुळत, पण काहींचं जुळतं. मग दिसतं."

"आंधळ्या आईबापांना डोळस पोरं," काकू म्हणाल्या.

"जगात हे आधीच करून बघितलेलं आहे," सर डोळे पुसत म्हणाले, "तेव्हा पंत, शोधबिध काही नाही लावलात तुम्ही. पण आपल्या लाइनी शुद्ध आहेत ह्याचा ह्याच्याहून मोठा पुरावा मिळायचा नाही. डीएनए तपासून घेऊ, तीन आठवडे लागतील. मोठे मासे बदलून जागच्या जागी. पिल्लं ठेव. थिसिसला एक चॅप्टर वाढला तुझ्या." त्यांनी बाटली पिशवीत टाकली आणि जाता जाता रजिस्टरची पानं सहज उलटली. "आमच्याकडचं कोणी नसेल ना ह्यात?"

"नाही," दत्तोपंत म्हणाले. "आपलं मंडळ वेगळं."

"हो ना. वेगळं," सर म्हणाले. बोलण्यासारखं होतं, पण घर पंतांचं होतं आणि पाणी त्यांचं प्यायलेलं होतं.

सर गेल्यावर दत्तोपंतांची छाती हळूहळू फुगायला लागली. सुकलेलं रोप पाणी पिऊन उभं राहतं तशी. "म्हणजे बघ," ते म्हणाले, "गोत्र बघितलं तेच कामाला आलं की नाही शेवटी?"

"गोत्र नाही, काका," मधुवंती म्हणाली. "गुहा. एम आणि टी ही गोत्रं नाहीत. हजारो वर्षांत ह्या गुहेतल्याने त्या गुहेतली बघितलेली नाही. तुम्ही आंतरजातीय लावलंत. सहाच्या सहा."

दत्तोपंत रजिस्टर पुन्हा लाल फडक्यात बांधायला लागले.

"तुमचं मंडळ काय करतं? गोत्र बदलतं, गुहा तीच. मग कसं दिसणार कोणाला?"

"अग, हळू बोल, कुमुदिनी ऐकते आहे," काकू म्हणाल्या, पण आवाजात रोखण्यापेक्षा चढवणंच जास्त होतं.

संध्याकाळी मधुवंतीने जाड कागदावर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या काढल्या, त्याची गोल भिंत करून शारदाकाकूंच्या केक सजवायच्या फिरत्या थाळीवर उभी केली आणि मध्ये स्टँडवर काचेच्या वाडग्यात पाच पिल्लं ठेवली. दिसत असेल तर मासा पट्ट्यांच्या मागे फिरतो. डार्करूममध्ये कित्येक वर्षांनी पांढरा दिवा लागला. थाळी फिरवायचं काम दत्तोपंतांचं. ते फिरवायला लागले, आणि वाडग्यातली दोन पिल्लं पट्ट्यांबरोबर निघाली. तीन आपली निवांत.

"हळू, काका. एकसारखं."

एकसारखं फिरवण्यात दत्तोपंतांचा हात धरणारा कोणी नव्हता. मग थाळीकडेच बघत म्हणाले, "तो नचिकेत. काश्यप होता."

"माहीत आहे."

"अर्ध्या मिनिटात लिहिलं मी."

"ते पण माहीत आहे. मी समोरच बसले होते." तिने पिल्लांची नोंद केली. "राहू द्या आता. तो कॅनडात बर्फ उपसून राहिलाय रोज, दारासमोरचा. फोटो टाकतो. मला तर इथे सिंकसकट रेडिमेड गुहा मिळाली."

दत्तोपंतांना हसावं की नाही कळेना, म्हणून त्यांनी थाळी उलटी फिरवली. दोन्ही पिल्लं वळली.

"माझा फॉर्म आहे ना अजून तुमच्या फाइलीत?" तिने विचारलं.

"आहे. जुने सगळे असतात."

"तो द्या मला काढून."

ते उठले, आत गेले आणि पाकीट घेऊन आले. वरची लाल अक्षरं अंगठ्याखाली झाकून पुढे केलं. तिने अंगठा बाजूला सरकवला, वाचलं, आणि पाकीट घडी घालून जीन्सच्या खिशात कोंबलं.

"कुठे नेतेस?"

"दुसऱ्या गुहेत."

थाळी थांबली. "म्हणजे? कोण आहे? कुठला?"

"हातोदचा."

"हातोदचा!" इंदूरजवळच्या त्या गावात मंडळाचं एकही घर नव्हतं. दत्तोपंतांनी शारदाकाकूंना हाक मारायला तोंड उघडलं. मग वाडग्याकडे त्यांचं लक्ष गेलं. पट्ट्या थांबल्या म्हणून ती दोन पिल्लं पण थांबली होती आणि काचेशी येऊन, चार काळे ठिपके रोखून, त्यांच्याकडेच बघत होती.

"फिरवा ना, काका," मधुवंती म्हणाली. "रीडिंग राहिलंय."

त्यांनी तोंड मिटलं आणि थाळी फिरवायला घेतली. एक फेरा झाला, दुसरा झाला.

"एवढं तरी सांग," तिसऱ्या फेऱ्याला ते म्हणाले, "रजिस्टरात लिहू कुठे?"

"चारशे बाराच्या खाली जागा आहे थोडी," ती म्हणाली.